पत्रा कंपनीच्या गोणी

नवऱ्याचे कामाचे कपडे जी बाई मागच्या दारी झटकते आणि मग भिजत घालते, तिच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त मला 'धीराची बाई' म्हणू नका. धीर माझ्याकडे कधीच नव्हता. राग आहे, आणि रागावर माणूस बरेच दिवस काढतं असा माझा अनुभव आहे.

मी वासंती. उरणच्या बाजूला खाडीकाठी आमचा पाडा आहे, तिथे लग्न करून आले आणि तिथेच अंगणवाडी चालवली. पोरांची नखं तपासणं, हात धुवायला लावणं, आयांना स्वच्छतेवर भाषण देणं, हे माझं काम. पाड्यातल्या निम्म्या पोरांची नाकं मी पुसली आहेत. आता तीच पोरं मोठाले ट्रेलर चालवतात आणि मला बघून हॉर्न वाजवतात.

आधी टीबी

सुरुवात पाठीतल्या कळेने झाली. उजव्या खांद्याखाली कोणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. मी नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे सगळ्यांनी 'आता आराम आलाय म्हणून अंग दुखतंय' असं ठरवून टाकलं. मग विहिरीवरून कळशी आणताना दम लागायला लागला. कळशी अर्धी केली, तरी दम लागायचा.

उरणच्या डॉक्टरांनी फोटो काढला. छातीत पाणी आहे म्हणाले. आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे टीबी, दुसरं काही असायला परवानगीच नाही. पाणी काढलं, गोळ्या सुरू झाल्या. पाणी परत भरलं, परत काढलं, गोळ्या चालूच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असे कितीतरी महिने गेले.

त्या महिन्यांत घरात जे झालं ते मी विसरणार नाही. आमचा प्रवीण, सून आणि नातू आमच्याबरोबर राहत होते. सुनेने माझं ताट, पेला आणि चमचा वेगळा ठेवला. त्यांच्यावर तिने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला, म्हणजे चूक व्हायला नको. मग एके दिवशी बाळाला लागेल म्हणून ते उलव्याला भाड्याच्या घरात राहायला गेले. नंतर हा टीबी नाही आणि कोणाला लागत नाही हे कळलं, तेव्हा मी फोन करून सांगितलं. सून म्हणाली, "बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला." परत यायचं मात्र कोणी बोललं नाही. ठिपक्याचा पेला अजून वापरते. नेलपॉलिश निघत नाही.

कपडे कोण धुवायचं

गोळ्यांनी काही होईना तेव्हा मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी समोर एक तरुण डॉक्टरीण बसली होती, माझ्या मुलीपेक्षा, रंजूपेक्षाही लहान. तिने कागद वाचला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या कारखान्यात होतात?"

"मी? मी पोरांना गाणी शिकवत होते."

"घरातलं कोणी?"

आमचे हे माझ्या शेजारी बसले होते. यांनीच सांगितलं, "मी पत्रा कंपनीन होतो. कायम होतो." यांना ते कायमपण सांगायला फार आवडतं. सिमेंटचे पत्रे बनवायचा कारखाना होता तो. आता बंद आहे.

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "यांचे कामावरचे कपडे कोण धुवायचं?"

आयुष्यात मला कितीतरी साहेबांनी कितीतरी प्रश्न विचारले, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मी."

मग तिने सांगितलं. त्या पत्र्यांत जो दगडाचा कापूस घालतात, ॲस्बेस्टॉस, त्याचे तंतू फुप्फुसाच्या पडद्यात रुततात आणि तिथेच बसून राहतात. वर्षानुवर्षं काही करत नाहीत. मग करतात. आजाराचं नाव मेसोथेलिओमा. मी ते दोनदा विचारलं. एवढं मोठं नाव आपल्या छातीत मावलं कसं, असा मूर्ख विचार त्या वेळी माझ्या मनात आला होता.

"बरं होईल?" मी विचारलं.

तिने खोटं सांगितलं नाही. म्हणाली, "वेळ वाढवायचा प्रयत्न करू."

हे म्हणाले, "पन मना तर काय नाय जाला." तक्रार करत होते की शेखी मिरवत होते ते मला अजून कळलेलं नाही. यांचीही छाती तपासली. वयाच्या मानाने ठणठणीत. ज्याने जन्मभर ती धूळ उपसली तो ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या पकडतो, आणि जिने ती नुसती झटकली ती खाटेवर. देवाला न्याय कळतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्या घरी येऊन जावं.

गोणी

कपड्यांचं तर झालंच. पण खरं विष आम्ही हौसेने आणलं होतं.

तो कापूस तेव्हा तागाच्या गोणींतून यायचा. गोणी रिकाम्या झाल्या की कारखान्यात ढीग पडायचा. दिवाळीच्या आधी सुपरवायझर कायम कामगारांना मिठाईच्या पुड्याबरोबर गोणींचा एकेक गठ्ठा बांधून द्यायचा. सुपरवायझर म्हणजे आमचे दामूभावजी, यांचे मावसभाऊ. हे तो गठ्ठा खांद्यावर टाकून वॉचमनच्या समोरून गेटबाहेर यायचे, आणि वॉचमन सलाम ठोकायचा.

गोणीची किंमत मिठागरातल्या माणसाला विचारा. आमच्याकडे मीठ गोणीत, पोहे गोणीत, दाराला पडदा गोणीचा, पावसात डोक्यावर खोळ गोणीची. पण मिठाची गोण अंगाला खाजते आणि वर्षात कुजते. ही कंपनीची गोण तो कापूस बसून बसून पांढरीशुभ्र आणि मऊ झालेली. फुकट ते पौष्टिक. माझी सासू तिच्यावर हात फिरवून म्हणायची, "बग कशी मऊ हाय, कोनाचे अंगाला लागाची नाय."

मी स्वच्छतेची भोक्ती. गोण तशीच कशी वापरायची? अंगणात दगडावर टाकून धोपाटण्याने बडवायची. पांढरा धुरळा उडायचा. पाड्यातली पोरं त्या धुरळ्यात नाचायची, आणि मी त्यांना ओरडायचे ते कपडे मळतील म्हणून.

तेव्हा रंजू नुकतीच जन्मली होती. मी गोणी उसवल्या, जोडल्या, वर सासूचं जुनं लुगडं घालून तिच्यासाठी जाड गादी शिवली. ती त्या गादीवरच उपडी झाली, रांगली, उभी राहिली. उरलेल्या गोणी शेजारपाजारी दिल्या. 'वासंतीवहिनीकडची गोण' म्हणून मागायला बाया लांबून यायच्या. आवणाच्या वेळी, भात लावताना, शेतात एका रांगेत वाकलेल्या सगळ्या बायांच्या डोक्यावर कंपनीच्या पांढऱ्या खोळी दिसायच्या, आणि मला अभिमान वाटायचा. प्रवीण झाला तोवर कंपनीने प्लास्टिकच्या गोणी सुरू केल्या होत्या. त्या चरचरीत. त्यांची गादी होत नाही, म्हणून तो वाचला.

सासूला शेवटी दम लागायचा. म्हातारपण म्हणून आम्ही तिला पोचवली. तिची छाती कोणी तपासली नाही.

भरती-ओहोटी बघून सलाईन

केमोबद्दल फार लिहीत नाही. उलट्या सगळ्यांनाच होतात, केस जातात, तोंडाला चव राहत नाही. माझ्या नशिबात त्यात लाँचची भर पडली. रस्त्याने धक्के बसले की बरगडीत सुरी फिरायची, म्हणून मी उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईला भाऊच्या धक्क्याला जायचे. पण ओहोटीला मोऱ्याला गाळ उघडा पडतो आणि लाँच बंद होते. त्यामुळे मी डॉक्टरांची तारीख आणि समुद्राची वेळ दोन्ही बघून जायचे. डॉक्टरणीला मी पहिल्यांदा 'त्या दिवशी पाणी नसेल' असं सांगितलं तेव्हा तिला वाटलं नळाचं पाणी.

हॉस्पिटलात सकाळपासून बाकावर बसायचं. नंबर आला की रक्त, मग परत बाक, मग खुर्ची, मग सलाईन. शेजारच्या खुर्चीवरची बाई पुढच्या वेळेला नसली तर कोणी काही विचारत नाही. मी पहिल्या वेळी विचारलं होतं. नर्सने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

चांगलं काय झालं तेही सांगते, नाहीतर माझ्यावर अन्याय केल्याचा आरोप येईल. लाँचवरचा एक खलाशी मला इंजिनापासून लांबची जागा धरून ठेवायचा. डिझेलच्या वासाने मला उलटी येते हे त्याला न सांगता कळलं होतं. वॉर्डातली झाडूवाली मावशी माझा डबा आयांच्या खोलीत गरम करून आणायची आणि मी दोन घास टाकले की उरलेला भात स्वतः खायची. म्हणायची, "तुमच्या हातची सुकटीची चटणी बरी असते." त्या दिवसांत माझं कौतुक करणारी ती एकच.

आणि जेव्हा लाँच अगदीच जमायची नाही तेव्हा दामूभावजी आपली गाडी पाठवायचे, ड्रायव्हरसकट. पाठीखाली ठेवायला उशीही असायची. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे त्यात ही उशी विसरायला होईल.

रंजू

डॉक्टरणीने मला घरात लहान मूल होतं का ते विचारलं होतं. मी गादीचं सांगितलं. ती म्हणाली, "मुलीला घेऊन या."

रंजू पेणला दिली आहे. नवरा रिक्षा चालवतो, सासरी माणसं बरीच. ती आली, हसत हसत मशीनमध्ये गेली. रिपोर्टमध्ये तिच्या छातीच्या पडद्यावर डाग निघाले. आज आजार नाही, डॉक्टरीण म्हणाली. उद्या होईलच असंही नाही. पण दर वर्षी तपासत राहायला हवं, म्हणजे काही उगवलं तर लवकर दिसेल.

रंजूच्या सासूने ते ऐकलं आणि म्हणाली, "धडधाकट बाईला दर वर्साला मशीनीन घालाची? कवा नाय ऐकला." वर्ष झालं, दुसरी तपासणी झाली नाही. मी फोनवर विचारलं की रंजू म्हणते, "जाईन गो आये. पोरांची परीक्षा होऊ दे." आपण आईवर गेलो असं कागदावर निघायला नको म्हणून ती तपासणी टाळते, हे मला कळतं. मलाही माझ्या आईवर जायचं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की कोर्टात जायचं. माझ्यासाठी नाही. मला काय द्यायचं ते कोर्ट देऊन देऊन किती देणार, आणि मी ते घेऊन कुठे जाणार? मला रंजूची दर वर्षाची तपासणी कंपनीच्या गळ्यात बांधायची होती. रंजूची, आणि मी ज्यांना ज्यांना गोण दिली त्या घरातल्या सगळ्यांची.

कायद्यात मी कोण

बाईला सरकारच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, तिची कमाई किती हे बघत नाहीत. हे मला माहीत होतं, कारण तसं पोस्टर अंगणवाडीच्या भिंतीवर मीच चिकटवलं होतं. अलिबागला अर्ज केला. मुकादम नावाची वकीलबाई मिळाली. बुटकी, चष्म्यातली, आणि बोलताना समोरच्याला मधे घुसू न देणारी. मला ती पहिल्याच भेटीत आवडली.

ती म्हणाली, "काकू, हा आजार तुमच्या मिस्टरांना झाला असता तर रस्ता सरळ होता. कामगाराला धंद्यातून आजार झाला तर त्याला कायदा आहे, विमा आहे. तुम्ही कामगार नाही."

"मग मी कोण?"

"कायद्याच्या भाषेत तुम्ही त्रयस्थ."

जन्मभर त्या कंपनीची धूळ मी माझ्या साबणाने, माझ्या पाण्याने, माझ्या हाताने धुतली. पगार नाही, मास्क नाही, आणि शेवटी मी त्रयस्थ. मी हसले तर छातीत कळ आली.

मुकादमबाईंनी रस्ते सांगितले ते तुमच्यासाठी जसेच्या तसे लिहिते. एक, दिवाणी कोर्टात निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा. दुसरा, हरित लवाद, पण तिथे मुदतीवरून भांडण होतं. आपण म्हणायचं मुदत आजार कळला तेव्हापासून धरा, ते म्हणणार धूळ उडाली त्या वर्षापासून धरा. म्हणून कळल्यावर बसून राहू नका. तुकड्याचा रिपोर्ट आणि नवऱ्याच्या नोकरीचे कागद सांभाळून ठेवा, जुनं ओळखपत्र, पगाराची पावती, काहीही. आणि जीव असेपर्यंत जबानी नोंदवून घ्या. कोर्टाला विनंती केली तर कोर्टाचा माणूस घरी, खाटेपाशी येतो. 'जीव असेपर्यंत' हे ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. म्हणून तर आवडली.

आम्ही दिवाणी दावा लावला. त्यात दोन गोष्टी होत्या. कपड्यांवरून आलेली धूळ, ती माझी एकटीची. ती शाबीत झाली तर मला काहीतरी मिळेल. दुसरी गोष्ट, गोणी. कंपनीने त्या स्वतःच्या हाताने घराघरात दिल्या हे शाबीत झालं, तरच रंजूची आणि पाड्याची तपासणी मागता येणार होती.

गोणी देताना पाहिलेली माणसं मोजकी. काही मेली. जी उरली त्यांची पोरं जुन्या कारखान्याच्या जागेवरच्या कंटेनर यार्डात कामाला आहेत, आणि यार्ड त्याच मालकाचं. त्यांना सगळ्यांना एकदम विस्मरणाचा आजार झाला. पाड्यातल्या बायांनी गोणी माझ्याकडून घेतल्या, गेट त्यांनी पाहिलंच नव्हतं. राहता राहिले आमचे हे.

हे सुरुवातीला तयारच नव्हते. "खाल्ले ताटान थुकाचा नाय," म्हणायचे. मी म्हटलं, त्या ताटात काय वाढलं होतं ते माझ्या छातीत बघा. मुकादमबाई दोनदा घरी आल्या, यांना समजावलं. शेवटी यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली, की गोणी दिवाळीला सुपरवायझर दामोदर यांनी वाटल्या.

दामूभावजी

जबानीच्या आधी दामूभावजी आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, पेढ्यांचा बॉक्स. आता त्यांचे ट्रेलर आहेत, सगळे त्या यार्डातच फिरतात. आमचा प्रवीण त्यातलाच एक चालवतो. त्यांनी कोर्टात लिहून दिलं होतं की कंपनीने कधीही कोणाला गोण दिली नाही, बाहेर गेल्या असतील तर कामगारांनी चोरून नेल्या.

ते माझ्या पायथ्याशी बसले. "वहिनी, कनाला कोर्टाचे नादान परली? दुखन्यान आराम कराचा."

"भावजी, गठ्ठा तुमीच बांदला. गाठसुद्दा तुमीच मारलेली."

"मना आठवत नाय."

"तुमाला नाय आठवत, माजे छातीला आठवतं."

ते हसले. वाईट माणूस नाही तो, हेच वाईट आहे. माझ्या उशाची गोळ्यांची पिशवी सारखी केली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला आणि यांना म्हणाले, "काशा, जरा भायेर ये." दोघं ओटीवर बराच वेळ बोलत होते. मला ऐकू आलं नाही. ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज फार होतो.

जबानी

त्या दिवशी रंजू पेणहून सकाळीच आली. घर सारखं केलं, माझी चादर बदलली, खुर्च्या मागून आणल्या. कोर्टाने नेमलेले कमिशनर आले, टायपिस्ट आला, कंपनीचे वकील आले, मुकादमबाई आल्या. यांचं वय बघून यांचीही साक्ष घरीच घ्यायचं ठरलं होतं. माझं होईपर्यंत यांना ओटीवर बसवलं.

कंपनीचे वकील मोठे सभ्य. "मावशी, त्रास झाला तर लगेच थांबू." आणि मग सुरू. चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला? मशेरी लावायच्या का? लावायचे, म्हटलं. त्यांनी ते मोठ्याने लिहवून घेतलं. पाड्यात कोणाकोणाला टीबी होता? मग म्हणाले, "तुम्ही स्वतः स्वच्छता शिकवायचात. मग लहान मुलांसमोर धूळ कशी झटकलीत?"

रंजू चहाचे कप गोळा करत होती. तिचा हात थांबला.

मी म्हटलं, "ती धूळ आहे एवढंच मला ठाऊक होतं. ती काय आहे ते तुमच्या मालकाला ठाऊक होतं."

"विचारलं तेवढंच सांगा, बाई," कमिशनर म्हणाले. मी नळी सरळ केली आणि विचारलं तेवढंच सांगत गेले. दम लागला की थांबायचे, टायपिस्टही थांबायचा. संपलं तेव्हा माझी पाठ भिजली होती, पण मी सगळं बोलले होते. मुकादमबाईंनी माझा हात दाबला.

मग यांना आत बोलावलं. कंपनीच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्र समोर धरलं. "ही सही तुमची?"

"माजी."

"गोणी सुपरवायझर दामोदर यांनी दिल्या, असं तुम्ही यात म्हटलंय. हे खरं आहे?"

हे जमिनीकडे बघत होते. "नाय."

"मग गोणी घरी कशा आल्या?"

"मी चोरून आनल्या."

टायपिस्टने ते टाईप केलं. मुकादमबाई उठून उभ्या राहिल्या. आपला साक्षीदार फुटला असं त्यांनी कमिशनरला सांगितलं आणि यांना उलट प्रश्न विचारायला लागल्या, पण यांनी प्रत्येक प्रश्नाला शांतपणे तेच उत्तर दिलं. चोरल्या. कोनी दिल्या नाय. चोरल्या. हा माणूस एकदा कंपनीचा पाना खिशात राहिला म्हणून भर उन्हात परत कारखान्यात जाऊन आला होता. सबंध पाड्याने मिठागरात मिठाच्या मुठी मारल्या, याने कधी मारली नाही. आणि हा माझ्या खाटेपाशी उभा राहून सगळ्यांदेखत चोर झाला.

जाताना मुकादमबाई म्हणाल्या, "काकू, कपड्यांचा मुद्दा शाबूत आहे. तुमचा दावा चालेल."

"आणि रंजूचा?"

त्यांनी पिशवीचा बंद दोनदा बांधला. "मी प्रयत्न करीन. पण आता कठीण आहे."

सगळे गेले. हे भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, "कनाला केला असा?"

"दामू परवीनचे नावावर ट्रेलर करून देतंय. सोताचा ट्रेलर. पोरगा सुटल."

"आनि रंजू?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं म्हणाले, "रंजू दिले घरची. तिचा तिचे घरची बगतील."

रंजू पेजेचा वाडगा घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं ते तिच्या मानेवरून मला कळलं. ती आत आली, वाडगा माझ्या हातात दिला, चमचा पुसून दिला. कप विसळले. मग पदर सारखा केला, पिशवी घेतली, आणि सासरी निघताना दर वेळी पडते तशी आधी माझ्या आणि मग यांच्या पाया पडली. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुकी रव," म्हणाले. ती पेणची गाडी धरायला गेली.

दावा अजून चालू आहे. मी त्या दिवसापासून यांच्याशी बोललेले नाही. रंजूला रोज फोन करते, तपासणीचं विचारते, ती परीक्षेचं सांगते. यंत्राची वीज गेली की सिलिंडरवर जावं लागतं, आणि सिलिंडरची चावी फिरवायला माझ्या हातात जोर उरलेला नाही. घरात आम्ही दोघंच. हे उठतात, चावी फिरवतात, नळी माझ्या नाकात नीट बसवतात आणि विचारतात, "आता बरा वाटतंय?" मी मान हलवते. श्वास तर घ्यायलाच लागतो.